फाइल एकच, वागणं दोन: उनो आणि लॅपटॉप यांच्यात सामायिक असलेल्या कूलर-नियंत्रकाच्या कोडमधले दोष कसे शोधावेत

होळी झाली की नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, ताट्यांत नवा वाळा भरला जातो, आणि पंप-पंखा आपोआप चालू-बंद करणारा नियंत्रक घरीच बनवण्याची हौस जागी होते. त्याची नेहमीची जुळणी साधी असते. एक अर्डुइनो उनो (छोटं संगणक-बोर्ड), तापमान आणि आर्द्रता मोजणारा डीएचटी२२ सेन्सर, ५ व्होल्टचं दोन चॅनलचं रिले बोर्ड (उनोच्या इशाऱ्यावर पंप-पंख्याची वीज जोडणारे-तोडणारे स्विच) आणि यूएसबीने जोडलेला लॅपटॉप. पंप कधी चालवायचा, कधी नुसता पंखा ठेवायचा, हा निर्णय सी भाषेतल्या एका फाइलमध्ये असतो. तीच फाइल अर्डुइनो आयडीई (उनोचा कोड लिहिण्याचा प्रोग्रॅम) उनोसाठी कंपाइल करतो, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवतो, आणि लॅपटॉपवर जीसीसी हा कंपायलर तिची लायब्ररी बनवतो, जिला पायथॉन सीटाइप्स या मॉड्यूलमार्फत हाक मारतो. या पद्धतीचा फायदा मोठा आहे. नवतप्यातली दुपार किंवा जूनमधली दमट संध्याकाळ येण्याची वाट न पाहता दोन्ही परिस्थिती टेबलावर बसून तपासता येतात.

पण लॅपटॉपवर सगळ्या चाचण्या पार झालेला कोड उनोवर पंप बंदच करत नाही, किंवा उनोने पाठवलेलं ४५.२ अंश तापमान पायथॉनमध्ये भलतंच दिसतं, असं हमखास घडतं. अशा वेळी लोक निर्णयाचं तर्कशास्त्र पुन्हा पुन्हा वाचतात. बहुतेकदा दोष तिथे नसतो. एकच ओळ दोन कंपायलर दोन अर्थांनी वाचत असतात. म्हणून शोधाचा क्रम असा ठेवा: आधी फाइल, मग आकडे, मग पायथॉनचा जोड, मग केबल आणि सगळ्यात शेवटी वीज. प्रत्येक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

(कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते अर्थातच मूळ रोमन लिपीत लिहायचे.)

फाइल खरंच एकच आहे का?

अर्डुइनो आयडीई स्केच (उनोचा प्रोग्रॅम) कंपाइल करताना ते एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये नेतो. त्यामुळे "दोन फोल्डर मागे जाऊन कॉमनमधली फाइल घे" अशी सापेक्ष वाट तिथे तुटते. मग माणूस कंटाळून फाइलची एक प्रत स्केचच्या फोल्डरमध्ये टाकतो, आणि आठवड्याभरात दोन प्रती वेगळ्या होतात. लॅपटॉपवरची चाचणी नव्या प्रतीची, उनोवर चालते ती जुनी.

सरळ उपाय म्हणजे सामायिक फाइलची लायब्ररी करणं. डॉक्युमेंट्समधल्या अर्डुइनो फोल्डरमध्ये लायब्ररीज नावाचा फोल्डर असतो. त्यात आपल्या नावाचा फोल्डर करा, आत लायब्ररी.प्रॉपर्टीज ही छोटी माहिती-फाइल ठेवा आणि एसआरसी नावाच्या उपफोल्डरमध्ये .सी आणि .एच फाइली. पायथॉनसाठीची लायब्ररी बनवताना जीसीसीलाही याच फोल्डरचा पत्ता द्या. प्रत दुसरीकडे कुठेही ठेवू नका.

त्यानंतर हेडरमध्ये (.एच फाइलमध्ये) आवृत्तीचा आकडा लिहा आणि तो परत देणारं एक फंक्शन करा. उनो सुरू होताच हा आकडा सीरियलवर (यूएसबीमार्गे लॅपटॉपकडे) छापेल, पायथॉन आपल्या लायब्ररीतून तोच आकडा काढेल, आणि दोन्ही जुळले नाहीत तर प्रोग्रॅम तिथेच थांबेल. पाच मिनिटांचं काम आहे, आणि या लेखातलं दुसरं काही केलं नाही तरी एवढं करा.

फाइल जागेवर असूनही अर्डुइनोमध्ये "अनडिफाइन्ड रेफरन्स" अशी तक्रार आली, तर कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. स्केचची .आयएनओ फाइल सी प्लस प्लस म्हणून कंपाइल होते, आपली .सी फाइल सी म्हणून. सी प्लस प्लस फंक्शनच्या नावाला स्वतःची शेपटी जोडतो, त्यामुळे कोडचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरला नाव सापडत नाही. हेडरमधल्या घोषणा एक्स्टर्न "सी" च्या कंसात घ्या, आणि तो कंस कंपायलर सी प्लस प्लसचा असेल तेव्हाच लागू होईल अशी अट घाला. लॅपटॉपवर चुकून जीसीसीऐवजी जी++ वापरलं तर हाच दोष वेगळ्या रूपात भेटतो: लायब्ररी उघडते, पण पायथॉन म्हणतो की अशा नावाचं फंक्शनच नाही.

सामायिक फाइलमध्ये डिजिटलराइट (पिन चालू-बंद करणं), मिलिस (उनो सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद), सेन्सरचं वाचन यांतलं काहीही असता कामा नये. निर्णयाच्या फंक्शनला आत्ताची वेळ, तापमान, आर्द्रता आणि मागची स्थिती हे सगळं बाहेरून द्या. उत्तरात फक्त "पंप चालू, पंखा चालू" एवढं घ्या. मागची स्थिती फाइलमधल्या स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये लपवली, तर आणखी एक घोळ होतो. उनो रीसेट झाला की ती पुसली जाते, पण पायथॉनमध्ये प्रोग्रॅम बंद होईपर्यंत टिकते. मग पहिल्या चाचणीचा उरलेला परिणाम दुसऱ्या चाचणीत शिरतो, आणि चाचण्यांचा क्रम बदलला की निकालही बदलतो.

आकडे: इथे सर्वात जास्त वेळ द्या

उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपसाठी इंट (पूर्णांकाचा प्रकार) म्हणजे २ बाइट, मर्यादा −३२७६८ ते ३२७६७. लॅपटॉपवर इंट ४ बाइटचा. डबल (दशांश आकड्याचा प्रकार) उनोवर फ्लोटइतकाच, म्हणजे ४ बाइटचा; लॅपटॉपवर ८ बाइटचा. लाँग या मोठ्या पूर्णांकाचं तर आणखी विचित्र आहे. उनोवर ४, विंडोजवर ४ आणि ६४ बिट लिनक्सवर ८ बाइट. म्हणजे मित्राच्या विंडोज लॅपटॉपवर चाललेला कोड आपल्या उबुंटूवर बिघडला, तर त्यात नवल नाही.

पंप न थांबण्याचं नेहमीचं कारण पाहा. पंप ४५ सेकंद चालावा म्हणून कोणीतरी ४५ * १००० असं लिहितो. लॅपटॉपवर उत्तर ४५०००. उनोवर दोन्ही आकडे इंट, म्हणून गुणाकारही इंटमध्येच होतो, आणि ४५००० त्यात मावत नाही. हाती येतं −२०५३६. हा ऋण आकडा पुढे ३२ बिटांच्या धन प्रकारात गेला की त्याचे ४२९४९४६७६० मिलिसेकंद होतात, म्हणजे सुमारे ४९.७ दिवस. पंप बंद होण्याची वेळच येत नाही, टाकी रिकामी होते आणि कोरडा चाललेला पंप जळतो. कंपायलर इथे "इंटिजर ओव्हरफ्लो" असा इशारा देतो, पण अर्डुइनो आयडीईमध्ये इशारे सुरुवातीला बंद असतात. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन कंपायलर वॉर्निंग्ज "ऑल" वर ठेवा. आकडे ४५यूएल * १०००यूएल असे लिहिले (यूएल म्हणजे अनसाइन्ड लाँग, मोठा धन प्रकार) की दोष मिटतो.

म्हणून सामायिक फाइलमध्ये इंट, लाँग आणि डबल हे शब्द पूर्ण वर्ज्य करा. एसटीडीइंट.एच घ्या आणि यूइंट३२_टी, इंट१६_टी, यूइंट८_टी असे मापाचे प्रकार वापरा. तापमान दशांश अपूर्णांकात ठेवूच नका. ४५.२ अंश म्हणजे ४५२, अंशाच्या दहाव्या भागात. डीएचटी२२ स्वतः याच मापात आकडा पाठवतो, आणि फ्लोट-डबलच्या सूक्ष्म फरकामुळे एका बाजूला "४५ पेक्षा जास्त" आणि दुसऱ्या बाजूला "४५ एवढंच" असं होण्याची शक्यताच उरत नाही.

मापाचे प्रकार वापरूनही एक सापळा उरतो, आणि तो अनुभवी लोकांनाही फसवतो. दोन यूइंट१६_टी घ्या: आत्ताची वेळ ५, सुरुवातीची वेळ ६५५३०. उनोवर वजाबाकी धन प्रकारातच होते आणि उत्तर ११ येतं, जे बरोबर आहे. लॅपटॉपवर कंपायलर दोघांना आधी ४ बाइटच्या इंटमध्ये चढवतो आणि उत्तर −६५५२५ देतो. ओळ तीच, प्रकार तेच. वजाबाकीच्या उत्तरावर पुन्हा यूइंट१६_टी असा कास्ट (प्रकार बदलण्याची खूण) लावला की दोन्हीकडे ११ मिळतं. वेळेसाठी यूइंट३२_टी वापरणं त्याहून बरं. मिलिस दर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतं, पण "आत्ता वजा सुरुवात" ही वजाबाकी ३२ बिटांत केली तर त्या वळणावरही बरोबर उत्तर देते. लॅपटॉपवर सुरुवात ४२९४९६७२९० आणि आत्ता ५ देऊन हे मुद्दाम तपासा. उत्तर ११ आलं पाहिजे. लिनक्सवर वेळ अनसाइन्ड लाँगमध्ये ठेवली असेल, तर इथे प्रचंड आकडा दिसेल आणि दोष लगेच पकडला जाईल.

आता स्ट्रक्ट, म्हणजे अनेक आकड्यांचं एकत्र पाकीट. समजा क्रम असा आहे: स्थिती १ बाइट, वेळ ४ बाइट, तापमान २ बाइट, आर्द्रता १ बाइट. उनोवर आकार ८. लॅपटॉपवर वेळ चारच्या पटीतल्या पत्त्यावर बसवण्यासाठी कंपायलर मध्ये ३ आणि शेवटी १ रिकामा बाइट घालतो, आकार १२. पायथॉनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलला बाइटक्रमाचं चिन्ह न देता हीच मांडणी सांगितली, तर तो शेवटचा रिकामा बाइट धरत नाही आणि ११ म्हणतो. एकाच पाकिटाची तीन मापं! मापांचा क्रम उतरता लावा: वेळ, तापमान, आर्द्रता, स्थिती. आता तिन्हीकडे ८ येतात. पायथॉनमध्ये सुरुवातीला "पेक्षा लहान" हे चिन्ह ठेवा. त्याने आकड्याचा सर्वात कमी किमतीचा बाइट आधी येतो आणि भरणीचे बाइट पडत नाहीत. पॅक्ड (रिकामे बाइट न घालण्याची सूचना) हा शब्द लावूनही काम होतं, पण मग सीटाइप्सच्या वर्गातही पॅक १ लिहायला विसरून चालत नाही. क्रम बदलणं जास्त खात्रीचं आहे. .सी फाइलमध्ये स्टॅटिक असर्टने (कंपाइल होतानाच अट तपासणाऱ्या ओळीने) "आकार ८ च असला पाहिजे" असं लिहून टाका, म्हणजे उद्या कोणी नवा घटक मध्येच घुसवला तर कोड कंपाइलच होणार नाही.

निर्णयाचा काही भाग पायथॉनमध्ये पुन्हा लिहिला असेल, तर भागाकाराकडे लक्ष द्या. हवं असलेलं तापमान वजा खरं तापमान हा फरक उन्हाळ्यात ऋणच असतो. −१५ ला १० ने भागलं तर सी −१ देतो, पायथॉनचा दुहेरी तिरप्या रेघेचा भागाकार −२ देतो. चेकसमही (चूक पकडण्यासाठी केलेली बाइटांची बेरीज) असाच. उनोवर यूइंट८_टी २५५ च्या पुढे आपोआप शून्यावर येतो, पायथॉनचा आकडा वाढतच राहतो. प्रत्येक बेरजेनंतर २५५ शी अँड करा.

पायथॉन आणि लायब्ररीचा जोड

विंडोजवर विनएरर १९३ आला तर ३२ बिटांची डीएलएल (विंडोजवरची लायब्ररी-फाइल) ६४ बिटांच्या पायथॉनमध्ये घालण्याचा प्रयत्न होतो आहे. "मॉड्यूल किंवा तिच्यावर अवलंबून असलेली फाइल सापडत नाही" असं आलं, तर आपली डीएलएल जागेवर असूनही जीसीसीची सोबतची डीएलएल सापडत नसते. पायथॉन ३.८ पासून अशा फाइली पाथमध्ये शोधल्या जात नाहीत. ओएस मॉड्यूलमधलं ॲड_डीएलएल_डिरेक्टरी वापरा, किंवा लायब्ररी स्टॅटिक पर्यायाने बांधा.

सीटाइप्सला फंक्शनचे प्रकार तुम्हालाच सांगावे लागतात. रेसटाइप (उत्तराचा प्रकार) दिला नाही तर तो उत्तर साधा इंट समजतो, आणि ४२९४९६७२९० ऐवजी −६ छापतो. प्रत्येक फंक्शनला आर्गटाइप्स (आत दिलेल्या आकड्यांचे प्रकार) आणि रेसटाइप दोन्ही लिहा, अपवाद ठेवू नका. लायब्ररी पुन्हा कंपाइल करण्याआधी पायथॉन पूर्ण बंद करा. विंडोज उघडलेल्या डीएलएलवर लिहू देत नाही, आणि नोटबुकमध्ये काम करत असाल तर कर्नल रीस्टार्ट होईपर्यंत जुनाच कोड चालत राहतो.

केबलवरचं संभाषण

पायथॉनने पोर्ट उघडलं की डीटीआर या नियंत्रण-रेषेमुळे उनो रीसेट होतो. बूटलोडर (नवा कोड चढवणारा छोटा प्रोग्रॅम) थोडा वेळ नव्या कोडची वाट पाहतो, आणि त्या वेळात पाठवलेली आज्ञा हरवते. २ सेकंद थांबणं हा चालून जाणारा उपाय. उनोकडून आवृत्तीची ओळ येईपर्यंत थांबणं हा खरा उपाय. लॅपटॉपचा प्रोग्रॅम सुरू करताना प्रत्येक वेळी रिले टकटक करत असेल, तर त्याचं कारणही हाच रीसेट आहे. बाजारात सहज मिळणारी बहुतेक रिले बोर्डं लो पातळीवर चालू होतात, म्हणून सेटअपमध्ये आधी पिनवर डिजिटलराइट हाय करा आणि मगच पिनमोड आउटपुट. रीसेटच नको असेल तर रीसेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन टोक रीसेटकडे. नवा कोड चढवताना तो काढावा लागतो.

आयडीईचा सीरियल मॉनिटर उघडा राहिला तर विंडोजवर पायथॉनला "परमिशन" नाकारली जाते. लिनक्सवर कधीकधी दोघंही पोर्ट उघडतात आणि बाइट आपसात वाटले जातात. अर्धवट ओळी दिसू लागल्या की आधी हे बघा. सीताबर्डीतून स्वस्तात आणलेल्या क्लोन बोर्डांवर यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० चिप असते. उबुंटू २२.०४ वर तिचं पोर्ट दिसून लगेच गायब होत असेल, तर ब्रेल डिस्प्लेसाठीचा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम ती चिप आपलीच समजून ताब्यात घेतो. त्याची गरज नसेल तर तो काढून टाका. पोर्ट दिसतं पण उघडत नाही, तर वापरकर्त्याला डायलआउट गटात घाला आणि लॉगआउट करून परत या.

प्रिंटएलएन ओळीच्या शेवटी १३ आणि १० असे दोन बाइट पाठवतो. पायथॉनला मिळतात ते बाइट, अक्षरं नाहीत. डीकोड करून स्ट्रिप केल्याशिवाय तुलना केली तर "ओके" कधीच "ओके"शी जुळणार नाही. पायसीरियलमध्ये टाइमआउट दिला नाही तर वाचन अनंतकाळ अडकतं, २ सेकंद द्या.

अधूनमधून एखादीच आज्ञा हरवत असेल तर डीएचटी२२ कडे बघा. त्याचे ४० बिट मोजताना लायब्ररी सुमारे ५ मिलिसेकंद इंटरप्ट (मधेच आलेल्या बाइटकडे लक्ष देणं) बंद ठेवते. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बाइट सुमारे १ मिलिसेकंदात येतो आणि हार्डवेअर जेमतेम दोन-तीन बाइट सांभाळतो, त्यापुढचे जातात. ११५२०० वर नेलं तर परिस्थिती सुधारत नाही, बिघडते. म्हणून उनोने विचारावं, लॅपटॉपने उत्तर द्यावं, आणि वाचन चालू असताना लॅपटॉपने गप्प बसावं. सेन्सर २ सेकंदांच्या आत पुन्हा वाचू नका.

मग वीज

इथपर्यंत सगळं जुळलं आणि तरी पंप बंद होतानाच उनो अडकत असेल, तर रिलेपासून मेन्सची (घरातल्या विजेची) जोडणी पूर्ण काढा आणि नुसत्या रिलेवर तीच चाचणी २०० वेळा चालवा. दोष गेला तर कोडला हात लावू नका. मोटर बंद होताना तारेत उठणारा व्होल्टेजचा झटका हे कारण आहे. पंप आणि पंखा यांच्या समांतर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (हा झटका शोषणारी जोडी) लावा; कपॅसिटर एक्स२ दर्जाचा, २७५ व्होल्ट एसीचाच हवा. एका रिलेची कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर घेते, तेव्हा रिलेला ५ व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर द्या आणि सेन्सरची वायर मेन्सच्या वायरपासून दूर न्या.

कूलरची बॉडी लोखंडी आणि टाकीत पाणी, म्हणून अर्थिंग तपासल्याशिवाय आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय हा नियंत्रक जोडू नका. टाकीत पाणी भरताना, ताट्या काढताना प्लग बाहेर. रिले बंद आहे म्हणजे वीज बंद आहे असं कधीच समजू नका, कारण रिले एकच तार तोडतो.

जोडण्याआधीची शेवटची फेरी

लॅपटॉपवर एक तक्ता करा, प्रत्येक ओळीत वेळ, तापमान, आर्द्रता आणि मागची स्थिती. ४५२ अंश-दशांश आणि १८ टक्के, म्हणजे मेची दुपार: पंप आणि पंखा दोन्ही चालू. ३१० आणि ८५ टक्के, म्हणजे पाऊस सुरू झाल्यानंतरची संध्याकाळ: पंप बंद, नुसता पंखा, कारण दमट हवेत पाणी उडत नाही आणि खोली फक्त ओलसर होते. नेमकी मर्यादा, मर्यादेच्या एक दशांश वर आणि एक खाली. मिलिसचं वळण. सेन्सर तुटल्यावर येणारा चुकीचा आकडा, ज्यावर पंप बंदच व्हायला हवा.

हा तक्ता पायथॉनने आधी लायब्ररीला द्यावा. मग तोच ओळीओळीने सीरियलवरून उनोला पाठवावा. त्यासाठी स्केचमध्ये सेन्सरऐवजी आलेली ओळ वापरणारा चाचणीचा मोड ठेवावा आणि त्या मोडमध्ये रिलेला हात लावू नये. दोन्ही उत्तरं शेजारी छापा. जी ओळ वेगळी निघेल तिच्यात गेलेला सर्वात मोठा आकडा आणि सर्वात लहान आकडा आधी पाहा. ३२७६७ ओलांडलं आहे का, ऋण भागाकार झाला आहे का, १६ बिटांची वजाबाकी आहे का. सगळ्या ओळी जुळल्या की चाचणीचा मोड बंद करा, आवृत्तीचा आकडा एकाने वाढवा, लायब्ररी पुन्हा बनवून कोड पुन्हा चढवा आणि पहिला पूर्ण दिवस पंपाच्या टाकीत पाणी काठोकाठ ठेवा.